पूर्वीपासून आजार असलेल्या रुग्णांनी स्टेरॉइड औषधे घेताना बाळगावयाची दक्षता

(चेन्नईतील मराठी भाषक कुटुंबांसाठी व उपचारार्थ येथे येणाऱ्या रुग्णांसाठी)

मे २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट ओसरू लागली असताना, देशातील रुग्णालयांत एका वेगळ्याच आजाराचे रुग्ण वाढू लागले. चेहऱ्याची एक बाजू सुजलेली, नाकातून काळपट स्राव, डोळा बाहेर आल्यासारखा आणि दृष्टी अंधुक. वर्तमानपत्रांनी या आजाराला ‘काळी बुरशी’ म्हटले. वैद्यकीय नाव म्युकरमायकोसिस. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना हा आजार नोंदणीयोग्य ठरविण्याची सूचना केली आणि तामिळनाडूने त्याच महिन्यात तशी घोषणा केली. जून २०२१ अखेर देशात ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली होती. त्यांपैकी सुमारे ६४ टक्के रुग्णांना मधुमेह होता आणि सुमारे ५३ टक्के रुग्णांना स्टेरॉइड देण्यात आले होते. तीन हजारांहून अधिक रुग्ण दगावले. जे वाचले त्यांतील अनेकांना डोळा किंवा वरच्या जबड्याचा भाग गमवावा लागला.

ही बुरशी नवी नव्हती. तिचे बीजाणू मातीत, कुजलेल्या पाल्यात, हवेत सदैव असतात आणि निरोगी शरीर त्यांना सहज परतवते. रक्तातील साखर अनियंत्रित असताना त्यात स्टेरॉइडची भर पडली की हा प्रतिकार ढासळतो. विशेष म्हणजे याच औषधाने त्या साथीत असंख्य प्राण वाचविले होते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष १६ जून २०२० रोजी जाहीर झाले. दररोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्यास कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे त्यात दिसून आले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र या औषधाचा काहीही लाभ झाला नाही. तरीही मोबाइलवर फिरणाऱ्या औषधांच्या यादीवरून किंवा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून, घरी असलेल्या, प्राणवायूची पातळी उत्तम असलेल्या मधुमेही रुग्णांनी त्याच गोळ्या घेतल्या. औषध तेच होते. कोणाला, केव्हा आणि कोणत्या आजाराच्या जोडीला दिले, यावर परिणाम ठरला.

ती साथ सरली, परंतु स्टेरॉइडचा वापर कमी झालेला नाही. दमा, संधिवात, त्वचारोग, मूत्रपिंडाचे विकार, डोळ्यांची जळजळ, गुडघ्यात किंवा खांद्यात दिले जाणारे इंजेक्शन अशा अनेक निमित्तांनी ही औषधे घराघरांत पोहोचतात. म्हणून ज्यांना पूर्वीपासून एखादा आजार आहे, त्यांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी ही पत्रिका लक्षपूर्वक वाचावी.

स्टेरॉइड म्हणजे काय

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक तयार करतात. ताप, जखम, शस्त्रक्रिया, उपासमार अशा ताणाच्या वेळी हेच संप्रेरक रक्तदाब आणि साखर टिकवून धरते. स्टेरॉइड औषधे ही त्याचीच औषधी रूपे होत. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका रुग्ण महिलेला हे द्रव्य प्रथम देण्यात आले आणि काही दिवसांत ती चालू लागली. या कार्यासाठी तीन शास्त्रज्ञांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. दीर्घ वापराचे दुष्परिणामही त्याच सुमारास दिसू लागले होते. व्यायामशाळांत स्नायू वाढविण्यासाठी वापरले जाणारे स्टेरॉइड हा वेगळा वर्ग आहे. त्याविषयी येथे लिहिलेले नाही.

आपल्या औषधात स्टेरॉइड आहे की नाही, हे रुग्णाने नावावरून ओळखण्यास शिकावे. प्रेडनिसोलोन, मिथिलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन, डेफ्लाझाकॉर्ट, ट्रायमसिनोलोन, ब्यूडेसोनाइड, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नेहमी आढळणारी नावे. गोळी इवलीशी आहे म्हणून ती सौम्य आहे असे समजू नये. डेक्सामेथासोनच्या पाऊण मिलिग्रॅमचे बळ प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमइतके असते. म्हणजे ४ मिलिग्रॅमची एक डेक्सामेथासोन गोळी प्रेडनिसोलोनच्या २५ मिलिग्रॅमहूनही अधिक भरते. औषध बदलून मिळाले तर केवळ मिलिग्रॅमच्या आकड्यावरून तुलना न करता वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावे.

मधुमेह असल्यास

चेन्नईत हा प्रश्न प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या घराचा आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शहरातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण १९८९ मध्ये ८.३ टक्के होते, ते २००४ पर्यंत १४.३ टक्के झाल्याचे येथील सर्वेक्षणांत दिसून आले. त्यानंतर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरील व्यक्तींनाही स्टेरॉइड सुरू होताच पूर्ण मधुमेह जडू शकतो.

साखर वाढते हे बहुतेकांना ठाऊक असते. ती केव्हा वाढते हे ठाऊक नसते, आणि येथेच घात होतो. सकाळी न्याहारीनंतर प्रेडनिसोलोनची गोळी घेतली की तिचा परिणाम दुपारनंतर चढतो, सायंकाळपर्यंत टिकतो आणि रात्री उतरतो. दुसऱ्या दिवशी पहाटे उपाशीपोटी तपासलेली साखर जवळजवळ नेहमीसारखीच येते. रुग्ण निश्चिंत होतो, मात्र दुपारच्या जेवणानंतर तीच साखर ३०० च्या वर गेलेली असू शकते. म्हणून स्टेरॉइड चालू असताना केवळ उपाशीपोटीच्या तपासणीवर विसंबू नये. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी व रात्रीच्या जेवणापूर्वी साखर तपासून आकडे तारखेसह वहीत लिहावेत. घरी ग्लुकोमीटर नसल्यास जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात दुपारच्या वेळी तपासणी करता येईल का, याची आधीच चौकशी करून ठेवावी.

साखर वाढल्यास गोळ्यांची अथवा इन्सुलिनची मात्रा डॉक्टर वाढवून देतात. पुढे स्टेरॉइड कमी होऊ लागले की वाढविलेली ही मात्रा तशीच ठेवणे धोक्याचे असते, कारण साखर एकाएकी खाली येते. घाम, थरथर, भूक, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे. वृद्धांमध्ये ती रात्री झोपेत उद्भवल्यास लक्षातही येत नाहीत. स्टेरॉइडची मात्रा ज्या दिवशी बदलेल, त्याच दिवशी मधुमेहाच्या औषधाचे काय करावयाचे, हा प्रश्न विचारल्याशिवाय दवाखान्यातून बाहेर पडू नये.

मधुमेही व्यक्तींचा खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते आणि त्यावर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. एकच इंजेक्शन असले तरी पुढील काही दिवस, क्वचित आठवडाभर, साखर वाढलेली राहते. इंजेक्शन घेऊ नये असे नव्हे. ते देणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांना मधुमेहाविषयी आधी सांगावे व नंतर तपासणी वाढवावी.

रक्तदाब, हृदय व मूत्रपिंडे

स्टेरॉइडमुळे शरीरात मीठ व पाणी साठते आणि पोटॅशियम कमी होते. उच्च रक्तदाब, हृदयाची दुर्बलता किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी दररोज सकाळी एकाच वेळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोने वाढले, पायांवर सूज आली किंवा आडवे पडल्यावर धाप लागली, तर पुढील भेटीची वाट पाहू नये. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असल्यास पोटॅशियमची तपासणी आवश्यक ठरते. लोणचे, पापड, अप्पळम, सुकी मासळी हे काही आठवडे ताटाबाहेर ठेवावेत. मराठी घरांत खोकल्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या ज्येष्ठमधाविषयीही सावध राहावे: ज्येष्ठमध स्वतःच रक्तदाब वाढवितो व पोटॅशियम घटवितो, आणि स्टेरॉइडबरोबर हा परिणाम दुणावतो.

अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेली वेदनाशामक गोळी आणि स्टेरॉइड एकत्र आल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. शौचास डांबरासारखी काळी झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

क्षयरोग

क्षयरोगाच्या उपचाराच्या इतिहासात चेन्नईचे स्थान मोठे आहे. १९५६ मध्ये येथे स्थापन झालेल्या केंद्राने, ज्याला आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणतात, रुग्णांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला दाटीवाटीच्या वस्तीतील स्वतःच्या घरीच औषधे दिली. घरी उपचार घेणारेही तितकेच बरे झाले, हा निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरातील उपचारपद्धती बदलली.

या रोगाचे जंतू शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात. भारतातील कित्येक प्रौढ व्यक्ती ते नकळत बाळगून असतात. दररोज १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन महिनाभर किंवा अधिक काळ घेतल्यास सुप्त क्षय जागा होण्याचा धोका वाढतो. त्यात एक फसवणूक दडलेली आहे. स्टेरॉइड ताप दाबते, भूक वाढविते, उत्साह आणते. क्षयाची जी लक्षणे पाहून घरातील मंडळी सावध झाली असती, तीच झाकली जातात. म्हणून स्वतःला किंवा घरात कोणालाही पूर्वी क्षय झाला असेल, तर कितीही वर्षे लोटली असली तरी ते सांगावे. हा आजार लपविण्याची सवय आपल्या समाजात अजून गेलेली नाही. विवाह ठरत असताना लपविलेली ही गोष्ट पुढे डॉक्टरांपासूनही लपविली जाते, आणि त्याची किंमत रुग्णच मोजतो. दीर्घ स्टेरॉइड उपचारापूर्वी छातीचे क्ष-किरण छायाचित्र व गरजेनुसार थुंकीची तपासणी करून घ्यावी.

क्षयाचे औषध चालू असताना डॉक्टरांनी स्टेरॉइड दिल्यास घाबरून ते नाकारू नये. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात ते क्षयाच्या औषधांसोबत मुद्दाम दिले जाते. मात्र रिफॅम्पिसिन हे क्षयावरील औषध यकृतातील स्टेरॉइडचे विघटन वेगाने घडवून आणते, त्यामुळे नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते. दमा वा संधिवातासाठी आधीपासून स्टेरॉइड घेणाऱ्यांना रिफॅम्पिसिन सुरू होताना व ते बंद होताना, दोन्ही वेळी मात्रेचा फेरविचार करावा लागतो. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे उपचार चालू असल्यास एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखविणे हे रुग्णाचेच काम ठरते.

हिपॅटायटिस बीचा विषाणूही असाच सुप्त राहून स्टेरॉइडमुळे उसळी घेऊ शकतो. त्यासाठी रक्ताची एक साधी तपासणी पुरते. शेतात अनवाणी काम केलेल्या व्यक्तींच्या आतड्यात स्ट्राँजिलॉइड्स नावाचा सूक्ष्म कृमी दशकानुदशके राहू शकतो. मोठ्या मात्रेच्या स्टेरॉइडने तो सर्वांगात पसरून जिवावर बेतते. गावाकडून आलेल्या वृद्धांच्या बाबतीत डॉक्टरांना हे सांगणे उपयुक्त ठरेल.

डोळे आणि त्वचा: दुकानातून थेट घेतली जाणारी औषधे

आपण ज्याला ‘डोळे आले’ म्हणतो, त्याला येथे ‘मद्रास आय’ म्हणतात. याच शहरात १८१९ मध्ये देशातील एक जुने नेत्ररुग्णालय स्थापन झाले आणि त्याच शहराचे नाव या साथीला चिकटले, हा योगायोगही नोंदविण्याजोगा आहे. हा आजार बहुधा विषाणूमुळे होतो व एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. स्टेरॉइडचे थेंब घातल्यास लाली एका दिवसात ओसरते. त्यामुळे ते उत्तम औषध वाटते आणि बाटली घरातील पाच जणांत फिरते. प्रत्यक्षात विषाणू डोळ्यात अधिक काळ टिकतो. नागीण वर्गातील विषाणूचा किंवा भाताचे तूस लागून झालेला बुरशीचा व्रण असेल, तर याच थेंबांनी बुबुळ खोलवर पोखरले जाते.

काचबिंदू असलेल्यांनी, ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना तो आहे त्यांनी, तसेच मधुमेही व जास्त नंबरचा चष्मा असलेल्यांनी विशेष दक्ष राहावे. स्टेरॉइडमुळे डोळ्यातील दाब वाढतो आणि तो दुखत नाही. कडेची दृष्टी हळूहळू जाते व गेलेली परत येत नाही. गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांना मोतीबिंदूही लवकर होतो. अशा रुग्णांनी डोळ्यांचा दाब ठरावीक काळाने तपासून घ्यावा.

चेन्नईच्या दमट हवेत गजकर्ण हा नित्याचा त्रास. त्यावर ‘तीन औषधे एकात’ अशा मिश्र मलमांचा मारा होतो. त्यांतील स्टेरॉइडमुळे खाज लगेच थांबते. बुरशी मात्र तशीच राहून आकार बदलून पसरते आणि एका टॉवेलमधून घरभर जाते. चेहऱ्यावर उजळपणासाठी लावलेल्या मलमाने त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात आणि मलम थांबविताच आग होते. या दुरुपयोगामुळेच केंद्र शासनाने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे ‘अनुसूची एच’ खाली पूर्णतः आणली. ती चिठ्ठीशिवाय विकणे नियमबाह्य आहे, आणि चिठ्ठीशिवाय मागणेही शहाणपणाचे नाही.

दमा असलेल्यांसाठी वेगळी सूचना

येथवर वाचून एखादा दमेकरी आपला फवारा बाजूला ठेवील, तर या पत्रिकेने हित करण्याऐवजी अहितच केले असे होईल. श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. ती थेट श्वासनलिकांत पोहोचते व उर्वरित शरीरावर तिचा भार अत्यल्प पडतो. हा फवारा नियमित घेतल्यामुळेच दम्याचे तीव्र झटके आणि गोळ्यांची गरज टळते. बरे वाटू लागले म्हणून तो सोडू नये. स्पेसर वापरावा, फवाऱ्यानंतर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे. गर्भवती महिलांनीही तो आपल्या मनाने बंद करू नये. बाळाला खरा धोका आईला प्राणवायू अपुरा पडण्यात आहे.

एकाएकी थांबवू नये

तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्यास शरीरातील अधिवृक्क ग्रंथी आळसावतात. बाहेरून संप्रेरक मिळत असताना त्या स्वतः ते तयार करीत नाहीत. अशा वेळी गोळ्या एकदम बंद केल्यास शरीर कॉर्टिसोलविना उरते. पराकाष्ठेचा थकवा, मळमळ, उलट्या, पोटदुखी, उभे राहताच भोवळ, आणि पुढे रक्तदाब कोसळणे अशी स्थिती ओढवते. ‘दुष्परिणाम वाचले म्हणून कालपासून बंद केले’ असे सांगणारा रुग्ण, जास्त मात्रा घेणाऱ्या रुग्णाइतकाच संकटात असतो. मात्रा पायरीपायरीने, वैद्यकीय देखरेखीखाली उतरवावी.

दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यास ताप आला, अपघात झाला वा शस्त्रक्रिया ठरली तर मात्रा तात्पुरती वाढवावी लागू शकते. किती व किती दिवस, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन इंजेक्शन घ्यावे लागते. एकादशी, नवरात्र किंवा रोजे यांच्या काळात गोळी वगळू नये. उपवास करावयाचाच असेल तर तो सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांनाही सांगावे. खिशात एक चिठ्ठी असावी: औषधाचे नाव, मात्रा, सुरुवातीची तारीख, मूळ आजार.

घरात कोणाला कांजिण्या झाल्या आणि आपणास पूर्वी झाल्या नसतील, तर लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात कळवावे. मोठ्या मात्रेवर असलेल्या मुलांना गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसी देण्यापूर्वी परिचारिकेला स्टेरॉइडविषयी सांगावे. पूर्वी नैराश्य किंवा अन्य मानसिक आजार झालेल्यांमध्ये झोप उडणे, अतिउत्साह, संशय अशी लक्षणे पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसू शकतात. ती बहुधा रुग्णाला नव्हे, घरच्यांना आधी जाणवतात. तीन महिन्यांहून अधिक काळ उपचार चालणार असल्यास हाडांच्या ठिसूळपणाविषयी व कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाविषयी विचारावे. जांघेत किंवा नितंबात नव्याने दुखू लागल्यास ते वयोमानावर ढकलू नये.

नाव नसलेली पुडी

सांधेदुखी, दमा, वजनवाढ यांवर ‘हमखास गुण’ देणाऱ्या, वेष्टनावर घटक न छापलेल्या पुड्या व चूर्णे आजही मिळतात. अशा काही पदार्थांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. दोन दिवसांत वेदना नाहीशी होणे, चेहरा गोल व फुगीर होणे, पोटावर जांभळे वळ उमटणे, सहज काळेनिळे डाग पडणे ही संशयाची कारणे समजावीत. अशी पुडी अनेक महिने घेत असल्यास ती एकदम न थांबविता, पुडीसह डॉक्टरांकडे जावे.

डॉक्टरांना काय सांगावे

तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यांतील मंडळींना तमिळ परकी नाही. परंतु उपचारासाठी नव्याने आलेल्या कुटुंबांची अडचण होते. रुग्णालयातील केसपेपर इंग्रजीत, परिचारिकेचे बोलणे तमिळमध्ये आणि रुग्ण मराठी. घाईत ‘काही आजार नाही ना?’ या प्रश्नाला मान हलविली जाते. ‘शुगर’, ‘बीपी’, ‘टीबी’ हे शब्द येथे सर्वत्र समजतात. मधुमेहाला तमिळमध्ये ‘सर्क्करै नोय’ म्हणतात, त्यातील ‘सर्क्करै’ आपल्या साखरेचीच बहीण आहे. क्षयाला ‘कासनोय’ म्हणतात. जुन्या चिठ्ठ्या, औषधांची रिकामी पाकिटे, थेंबांच्या बाटल्या व मलमांच्या नळ्या एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात. भाषा अडली तरी पाकिटावरील नाव डॉक्टरांना वाचता येते.

तातडीच्या प्रसंगी रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक तामिळनाडूत व महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो. मानसिक अस्वस्थतेसाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. क्षयरोगाविषयी माहिती १८००-११-६६६६ वर मिळते. औषधाचा दुष्परिणाम झाल्याची नोंद रुग्ण स्वतः किंवा त्याचे नातेवाईक १८००-१८०-३०२४ वर करू शकतात. त्यासाठी औषधाचे पाकीट जपून ठेवावे, कारण त्यावरील बॅच क्रमांक विचारला जातो.